मिठाचं कोरडं पोतं: पोलादपूर ते बाणकोट

बाणकोटला कसं जायचं, असं नातवंडांच्या वयाची मंडळी मला विचारतात. महाडहून म्हाप्रळ, मंडणगड करत गाडीनं जा आणि खाडी दिसली की जरा उतरा. आम्ही गेलो त्याला साठेक वर्षं झाली असतील, आणि गेलो ते चक्क वजन म्हणून!

झालं असं. आमचा हिरडा दासगावच्या इब्राहिम तांडेलांच्या मचव्यातून मुंबईला जायचा. नारळी पौर्णिमा झाली की बाणकोटला शिडाच्या मचव्यांची शर्यत लागे. दर मचव्यात मुंबईला माल धाडणारे शेठ एक मिठाचं पोतं ठेवत. पहिल्याला फेटा-नारळ मिळे, पण हंगामाचा माल मिळे तो पोतं कोरडं आणणाऱ्यालाच. इब्राहिमभाईंचा मचवा जुना. "यंदा बघू," असं शेठ आधीच म्हणून बसलेले. पोतं भिजलं की मचवा कायमचा धक्क्याला! रिकामा मचवा वाऱ्यानं कलतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूला बसायला माणसं हवी होती. आमच्या लावण्या आटपल्या होत्या. तुकाकाका म्हणाला, "चल रे, नुसतं बसायचंच तर हाय!"

पोलादपूरहून एसटी, महाडच्या बाजारात चहा-भजी, दासगावहून बाणकोटची लाँच. भाडं किती पडलं ते आठवत नाही, पण इब्राहिमभाईंनी घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण अजून जिभेवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाणकोटला काकानं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. "एवढं पाणी, नि मधी एक बांध नाय!"

हरिहरेश्वरच्या टोकासमोर नांगरलेल्या होडीला वळसा घालून परतायचं होतं. वळसा झाला आणि आभाळ काळंकुट्ट झालं. पाऊस आडवा आला तसं आम्ही डोंगरकऱ्यांनी शेतात करतो तेच केलं. पाठ फिरवली, घोंगड्या डोक्यावर ओढल्या आणि वाऱ्याची बाजू सोडून पलीकडे आडोशाला दाटीनं उकिडवे बसलो. मचवा भस्सकन कलला. कडेवरून पाणी आत!

"अरे, डोंगरच्या देवांनो!" सुकाणूवरून इब्राहिमभाई ओरडले. "वाऱ्याकडं तोंड करा! पाठ घरी जाऊन दाखवा!"

रांगत वर चढलो. खाली पाणी मिठाच्या दिशेनं सरकत होतं. काकानं घोंगडी काढून पोत्याखाली सारली, मग आम्हीही आमच्या काढल्या आणि पोतं गच्च गुंडाळलं. "जावयाला पण एवढं पांघरूण घातलं नव्हतं मी!" काका म्हणाला खरा, पण माझं मनगट त्यानं बंदरात पोचेपर्यंत सोडलं नाही. लाटा तोंडावर फुटत होत्या आणि आम्ही उघडे, कुडकुडत, वाऱ्याकडे बघत बसलेलो.

आमचा नंबर तिसरा. शेठनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मीठ बोटांतून भुरभुरत खाली पडलं.

"इब्राहिम, माल भर."

इब्राहिमभाई मचव्याकडे वळले. मचव्याच्या फळीवरून नुसता हात फिरवत राहिले.

तुम्ही जाणार असाल तर नारळी पौर्णिमेनंतरच जा. छत्री नेऊ नका, तिथला वारा ती ठेवत नाही.

घरी आलो आणि भाताच्या बेणणीला, तण काढायला, लागलो. एका दुपारी डोंगरावरून जोराची सर आली. सगळ्या शेतानं पाठ फिरवली. मी आणि काका मात्र पावसाकडे तोंड करून उभे.

बायको ओरडली, "अवो, येड लागलं काय? पाठ फिरवा की!"

शेजारच्या खाचरातून तुकाकाका म्हणाला, "नको गो सूनबाई, शेत कलंडंल!"