विसाव्याचं दुकान

गादीच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावरचा कापूस कधी संपत नाही. कपडे झटका, आंघोळ करा, तरी जेवायला बसलं की भुवईवरून एक पुंजका वरणात पडतोच! किश्श्यांचंही तसंच. माझ्या दुकानाच्या ओट्यावर आणि आमच्या चर्चच्या मंडळीत इतके साचलेत की किती झटकले तरी चिकटून राहतात. आज थोडे झटकतो. कुणाच्या ताटात पडले तर माफी असावी.

मी गाद्या-उशांचा व्यापारी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं, फी न घेता. दुकान परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रोडवर. आमच्या ख्रिस्ती मंडळीची घरं मोजकी, आणि पत्र्याचं चर्च दुकानापासून हाकेच्या अंतरावर. ह्या सगळ्या किश्श्यांच्या मधोमध एक माणूस आहे, आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री. एक वेळ अशी आली होती की ते आम्हाला सोडून निघाले होते. तिथपर्यंत येतोच, पण आधी दुकानाची पाटी.

*

दुकान उघडलं तेव्हा पाटीवर मी बायबलातलं विसाव्याचं वचन रंगवून घेतलं. थकलेल्या, ओझ्यानं वाकलेल्या माणसांना प्रभू आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देतो म्हणतो, ते. गाद्यांच्या दुकानावर ह्याच्याहून चांगलं काय लिहिणार? मनातून भक्ती होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडी जाहिरातही होती!

एक दिवस बोरीचे एक मामा मोटारसायकलला आडवी गादी बांधून आले. माझ्याकडूनच नेलेली. ओट्यावर दाणकन आपटली.

"शेठ, वर काय लिवलंय ते वाचा."

मी वाचलं.

"विसावा देईन म्हणून लिवलंय ना? मग ही गादी पाठीत का टोचायलीय?"

मी म्हणालो, "मामा, ते आमच्या प्रभूचं वचन हाय. दुकानाची गॅरंटी न्हाई."

मामांनी उपरणं झटकलं आणि ओट्यावर मांडी घातली. "बरं. मग मालकाला बोलवा. नोकरासंगं मी बोलत न्हाई!"

गादी उसवली, कापूस पुन्हा पिंजला, नवा अभ्रा घालून दिली. पैसे घेतले नाहीत. मालकाचं नाव खराब कशाला करायचं?

*

आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारी. म्हणजे सगळी दुकानं दुथडी भरून वाहतात त्याच दिवशी माझ्या शटरला कुलूप! शेजारी भांड्यांचे व्यापारी रामकिसनशेठ. माणूस सोन्यासारखा, जीभ कात्रीसारखी. माझी किल्ली त्यांच्याकडे असते.

पहिल्या वर्षी त्यांनी मला खूप समजावलं. शेवटी एका रविवारी मी बायबल काखेत घेऊन निघालो, तर स्टीलच्या हंड्यांच्या उतरंडीमागून म्हणाले,

"तुमच्या देवानं सहा दिवसांत सारी दुनिया बनवली, मंग सातव्या दिवशी बसला. बरोबर हाय, थकला असंल. तुमी सहा दिवसांत चार गाद्या इकल्या. तुमी कशानं थकलाव?"

मी बायबल दुसऱ्या काखेत घेतलं आणि चर्चची वाट धरली.

*

आता पाळकसाहेब. नगरकडचे, तरुण, एकटे. भाषा छापील, मन निर्मळ, आणि पायाला भिंगरी! आमच्या चर्चशिवाय बोरी, चारठाणा, पार राणीसावरगावपर्यंतच्या आमच्या लोकांची जिम्मेदारी त्यांच्याच अंगावर. कुणाची सोयरीक, कुणाचं आजारपण, कुणाचं नवीन बोअर, सगळीकडे प्रार्थनेला साहेब. फोन वाजला की अर्धी भाकरी ताटात सोडून मोटारसायकलला किक.

एका रविवारी त्यांनी विसाव्यावर उपदेश केला. सुंदर केला. देव कसा विसावा देतो, मनुष्य कसा घेत नाही, मुद्द्यामागून मुद्दा, घामानं शर्ट ओला, रुमाल पिळायची वेळ आली, तरी साहेब थांबेनात! आमची जेवणवेळ टळून गेली.

दारात सगळे 'जय ख्रिस्त' करून निघाले. सरूमावशी मागे राहिल्या. ह्या आमच्या मंडळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, आता गुडघे धरलेत, म्हणून पहिल्या रांगेत त्यांची ठरलेली खुर्ची.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "लय चांगलं बोललाव. पर विसाव्याचं सांगून सांगून तुमी आमाला पार दमवलं की ओ!"

साहेब हसले. डोळे मात्र हसले नाहीत. व्यापारी माणसाला गिऱ्हाइकाचे डोळे आधी दिसतात.

*

मग तो राणीसावरगावचा प्रकार झाला.

चारठाण्याला एका घरी संध्याकाळची प्रार्थना होती. त्यांनी पाहुणे बोलावले, पुरणाचा स्वयंपाक केला. साहेबांचा पत्ता नाही. घरधन्यानं फोन लावला.

"साहेब, कुठवर आलाव?"

साहेब म्हणाले, "पोहोचलो की. ओसरीवरच बसलोय."

"कुणाच्या ओसरीवर?"

साहेब राणीसावरगावला! चारठाणा एका टोकाला, राणीसावरगाव दुसऱ्या टोकाला. तिथली प्रार्थना पुढच्या आठवड्यात होती. मधे परभणी लागली, गंगाखेड लागलं, पाट्या आल्या नि गेल्या, ह्यांना एकही दिसली नाही. राणीसावरगावच्या यजमानानंही बिचाऱ्यानं विचारलं नाही. दारात पाळक आला म्हणजे देवानंच पाठवला, असं समजून चहा टाकला, आणि म्हणाला, "आलाच हाव तर हरभऱ्याच्या राशीवर प्रार्थना करून घ्या!"

हा किस्सा आमच्याकडे आठवडाभर पुरला. दुकानाच्या ओट्यावर मीही तिखटमीठ लावून सांगितला. कुणीतरी म्हणालं, "मेंढरू हरवलं तर मेंढपाळ हुडकतो. आता मेंढपाळच हरवला, मंग?"

सगळे खदखदून हसले. ओट्यावर टेकायला थांबलेल्या मावशी हसल्या नाहीत.

"मंग मेंढरांनी जायचं," म्हणाल्या. "आनखी काय!"

*

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी साहेब दुकानात आले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

"शेठजी, एक चांगली गादी दाखवा. झोपच येत नाही. गादी खराब झाली असावी."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. 'झोप येत नाही' म्हणत येणारं गिऱ्हाईक हे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. ते घासाघीस करत नाही. झोप गादीत नसते हे मला ठाऊक असतं. पण मी कशाला सांगू? दुकान चालवायचंय! त्या दिवशी मात्र माझा हात कापडाच्या ठाणाकडे गेलाच नाही. ढिगावरची एक गादी खाली ओढली नि म्हणालो, "बसा आधी."

ते बसले, आणि बसल्याबसल्या बोलायला लागले.

"शेठजी, मी हे सोडायचं ठरवलंय. लोकांना वाट दाखवतो आणि मलाच वाट दिसत नाही. त्या दिवशी फोनवर विचारलं ना, कुठं आहात? तोच प्रश्न डोक्यात घुमतोय. सकाळी उठतो, गाडी काढतो, आणि कुठं निघालो ते आठवत नाही. प्रार्थनेला बसलो की पुढच्या घराची वेळ आठवते. देव माझ्याशी बोलत असेल, तर मला ऐकू येत नाही."

मी पाणी दिलं.

"भावाचं मोबाईलचं दुकान आहे. तो बोलावतोय. नवीन महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीला सांगून टाकतो. तोवर तुमच्यापाशीच ठेवा."

"दुकान?" मी म्हणालो. "साहेब, दुकानात विसावा असतो हे तुमाला कुणी सांगितलं? माझ्याकडं बघा की!"

तेवढं हसले. मग मला जे येतं ते मी बोललो. मला शास्त्र येत नाही, कापूस येतो.

"साहेब, गादी दबली म्हणून कुणी फेकत न्हाई. ती उसवायची, कापूस मोकळा करायचा, उन्हात टाकायचा. पुन्हा अशी फुगती की खोळीत मावत न्हाई. तुमी वाया गेला न्हाईत. तुमी दबलाव."

"मग मला उसवणार काय?"

"न्हाई. उन्हात टाकणार!"

त्यांना गादी विकली नाही. गादी मागायला आलेलं गिऱ्हाईक मी रिकाम्या हातानं परत पाठवलं, हे रामकिसनशेठना कळलं असतं तर त्यांनी डॉक्टर बोलावला असता.

*

साहेबांचं गुपित मी फोडलं नाही. मंडळीपुढे एवढंच मांडलं, की सोमवारी कुणीही साहेबांना फोन करायचा नाही. बोअर लागो, बैल हरवो, सोमवार साहेबांचा. मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांत आधी हात वर केला.

पहिला सोमवार उजाडला. मी शटर वर करतोय, तर पाठीमागे साहेब!

"शेठजी, सुट्टी आहे. काय करू?"

आता बोला! माणसाला विसावा दिला, तर तो घेऊन माझ्याच दारात उभा. मी म्हणालो, "बसा. नुसतं बसा."

थोडा वेळ बसले. मग उशा रंगाप्रमाणं लावल्या. मग झाडू मागितला. तेवढ्यात चारठाण्याचं एक कुटुंब लग्नाच्या गाद्या घ्यायला आलं. मी आत कापड काढायला गेलो आणि बाहेर साहेबांचा आवाज आला.

"खरं सांगू का? मऊ गादीनं झोप येत नाही. मन शांत असलं तर माणूस दगडाची उशी करूनही झोपतो."

वरबाप विचारात पडला. "असं म्हणता? मंग गादी कशाला घ्यायची?"

मी कापड टाकून पळत बाहेर आलो. पण उशीर झाला होता. त्यांनी दोन उशा घेतल्या, साहेबांच्या पाया पडले, आणि गेले!

मी हात जोडले. "साहेब, चर्चमधी मी तुमच्या उपदेशात मधी बोलतो का?"

त्या दिवशी मात्र साहेब डोळ्यांसकट हसले. इतके हसले की रामकिसनशेठ हातातली परात घेऊन बघायला आले. त्या दोन उशांचा सौदा माझ्या आयुष्यातला सगळ्यात फायद्याचा.

पण झोपेचं काय? ती काही आली नाही. डोळ्यांखालचं काळं तसंच. आणि महिना संपत आला.

*

साहेब आजही आमच्याकडेच आहेत. चारठाण्याला निघाले की चारठाण्यालाच पोहोचतात. बोरीत आणि राणीसावरगावात आता आमच्यातलीच माणसं प्रार्थना चालवतात. तो नवा रस्ता साहेबांनाच सुचला. सोमवारी फोन बंद. का राहिले, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. देवाचे आभार मानायचे तर माझ्याकडे पुष्कळ कारणं आहेत. पण नव्या महिन्याच्या त्या पहिल्या रविवारचं तेवढं सांगतो आणि गप्प बसतो.

आदल्या दिवशी मावशींच्या नातसुनेचं बाळंतपण अडलं. साहेब तिच्याबरोबर परभणीला दवाखान्यात. रक्त द्यायलाही तेच. पहाटे मुलगी झाली, दोघी खुशाल. साहेब तिथून थेट चर्चला आले. दारात मला म्हणाले, "शेठजी, आज सांगतो."

त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी नवीन तक्क्या ठेवला होता. कापूस माझ्या हातानं पिंजलेला, चांगलं ऊन खाल्लेला. म्हटलं, जाणारा माणूस निदान मऊ बसून जावा.

उपासना सुरू झाली. उपदेशाआधीचं गीत लांबलचक होतं. साहेब डोळे मिटून बसले. आम्हाला वाटलं, प्रार्थना करायलेत. गीत संपलं. साहेब उठले नाहीत. मान एका बाजूला कलली, आणि आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये बारीक घोरणं ऐकू आलं.

पेटीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. जोरात एक सूर धरून साहेबांना उठवावं म्हणून त्यानं भाता ओढला. मावशी गुडघ्यावर हात ठेवत उठल्या, पेटीपाशी गेल्या आणि भाता हळूच मिटला. मग भिंतीकडचा पंखा साहेबांकडे वळवला आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या.

कुणी हललं नाही. पोरंसुद्धा बापाच्या मांडीवर डोकं टाकून पडली. बाहेर बाजार भरलेला. कांदेवाल्याचा भोंगा, टमटमचे हॉर्न, सगळं चालू. मी बोलका माणूस, गप्प बसणं मला जमत नाही. तरी बसलो. बसता बसता माझेच खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर होते, हेच मला माहीत नव्हतं.

उपासना सुटायची वेळ कधीच टळली. तेवढ्यात दारात रामकिसनशेठ. भर बाजाराच्या दिवशी, दुकान सोडून, माझी किल्ली हातात घेऊन! आम्ही अजून कसे बाहेर आलो नाही, काही बरंवाईट तर झालं नाही ना, म्हणून धावत आले होते. त्यांनी आम्हाला बघितलं. झोपलेल्या साहेबांना बघितलं. चपला दाराबाहेर काढल्या, पाय न वाजवता आत आले आणि मावशींच्या बाजूला खाली टेकले.

बराच वेळ बसले. मग मान वर करून हळूच म्हणाले, "मावशी, साहेबांचं प्रवचन कवा सुरू व्हायचंय?"

मावशींनी ओठावर बोट ठेवलं.

"श्श! चालू हाय."