दुसरी सही

गावात तिला सगळे बागवाली म्हणत. वडील गेल्यापासून संत्र्याची ती बाग ती एकटीच बघत होती. लग्न केलं नव्हतं. का, ते आता कुणी विचारतही नव्हतं.

वादळ दुपारी आलं आणि पाऊण तासात गेलं. तेवढ्यात अर्ध्याहून जास्त झाडं मुळासकट आडवी झाली. आठवड्यानं सरकारी माणूस पंचनाम्याला आला. त्यानं पडलेल्या खोडांवर खडूनं खुणा केल्या आणि ओट्यावर बसून फॉर्म काढला.

"शेतावर अवलंबून माणसं किती?"

"एक."

"घरात एकूण?"

"तीच एक."

त्यानं मान वर करून पाहिलं, मग कागद उलटला. "मावशी, जमीन दोन नावांवर आहे. दुसरी सही लागेल, नाहीतर मदत अडकेल."

दुसरं नाव धाकट्या भावाचं होतं. तो शहरात चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. अकरा वर्षांपूर्वी त्यानं बाग विकू या म्हटलं, ती नाही म्हणाली, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. तेव्हापासून पाणी देताना, फांद्या छाटताना ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. तू असं म्हणालास तर मी तसं म्हणेन. अशी किती उत्तरं तिनं तयार ठेवली होती.

बसमध्ये ती सगळी तिनं पुन्हा एकदा घोकली.

दुकानात भाऊ एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवत होता. केस पार पांढरे झाले होते. तिला पाहून तो थबकला.

"ताई? बरी आहेस ना?"

"वादळात बाग गेली. सही हवी होती."

त्यानं कागद घेतला. वाचला नाही. सही केली, मग स्वतःच एक कोरा कागद ओढून त्यावर लिहिलं, की मदतीची सगळी रक्कम बहिणीला द्यावी, माझी हरकत नाही. त्याखालीही सही.

"वाचून तरी बघ," ती म्हणाली.

"त्यात काय वाचायचं? तुझंच आहे ते."

"तू रागावला होतास ना?"

"कशावर?" तो खरंच आठवू लागला. "हां, ते विकायचं? अगं, ते मी केव्हाच सोडून दिलं. वाटलं, तुलाच कुणी नको आहे."

तेवढ्यात मालकानं हाक मारली. "वहिनीला भेटून जा," असं म्हणून तो आत गेला. ती गेली नाही. परतीच्या बसमध्ये तिला कळेना, नेमकं दुखतंय कुठं. जमीन तर ती एकटी सांभाळतच होती. अकरा वर्षं भांडणही तिनं एकटीनंच सांभाळलं होतं.

चार महिन्यांनी पैसे जमा झाले. तिनं भावाला फोन करून सांगितलं. "बरं झालं," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला.

मग ती रोपवाटिकेत गेली आणि तिनं साठ कलमं निवडली. तिचं वय पाहून रोपवाला चाचरत म्हणाला, "मावशी, फळ धरायला पाच वर्षं लागतील हां."

"लागू देत," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?"