दाखला आणलाय का?

"जातीचा दाखला पण आणलाय का?"

काकांनी हसत विचारलं. सोफ्यावरचे चारपाच लोक हसले. माझे बाबा गालिच्यावर गुडघे टेकून प्लास्टिकची फाईल उघडत होते. त्यांना प्रश्न खराच वाटला. फाईलच्या तळाशी हात घालून ते म्हणाले, "हो साहेब. आणलाय."

मग सगळेच हसले.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधलं ते घर डॉक्टरकाकांचं. तिथल्या मराठी लोकांत तेव्हा एक रीतच पडली होती. मूल बारावीला गेलं की आईबापांनी त्याला रविवारी काकांकडे न्यायचं. काकांनी कॉलेजसाठीच्या सॅट परीक्षेचा स्कोअर विचारायचा, शाळेतला नंबर विचारायचा, आणि मोठ्या युनिव्हर्सिटीत लागायचे चान्सेस सांगायचे. जेवणाआधी, सगळ्यांसमोर. "लागेल." "ट्राय कर." "विसर." त्यांचा मोठा मुलगा ईस्ट कोस्टला शिकत होता, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा.

आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. बाबांनीच फोन करून येऊ का विचारलं. बाबा ह्यूस्टनला पाइपच्या कारखान्यात फिटर. आत्या नर्स होऊन आधी आली, तिने आम्हाला आणलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. आमच्या घरातून कॉलेजात कुणीच गेलेलं नव्हतं. विचारायचं तर कुणाला?

बाबांनी माझ्या सगळ्या रिपोर्ट कार्डांच्या झेरॉक्स काढल्या होत्या. ॲडमिशन म्हटलं की ट्रू कॉपी, आणि ट्रू कॉपीवर साहेबाची सही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. नागपुरात अशा एकेका सहीसाठी ते सरकारी दवाखान्याबाहेर दिवसदिवस उभे राहिले होते. इथे डॉक्टर म्हणजे साहेबच. बाकीचे पुरुष काकांना 'अरे' म्हणत होते. बाबा एकटेच 'साहेब'. सहीसाठी नवा पेनही आणला होता.

काकांनी पेन घेतलाच नाही. इथे असलं काही लागत नाही हो, म्हणाले, आणि मग दाखल्याचा तो विनोद केला.

दाखला बाबांचा होता. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्याच्यावर त्यांना आयटीआयला जागा मिळाली होती. कागद दाखवल्याशिवाय आपलं कुणी काही मानत नाही, हे ते तिथे शिकले. म्हणून कुठल्याही कामाला निघाले की तो बरोबर. आमचं आडनाव आणि नागपूर, एवढ्यावर त्या घरात आम्ही कोण ते बाबांच्या फोनवरच कळलं होतं. कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

मग माझी पाळी आली.

काकांचा धाकटा मुलगा निखिल माझ्याच वर्गात होता. त्याचा स्कोअर आणि माझा सारखा. शाळेत माझा नंबर त्याच्या वर. त्याला नुकतंच "लागेल" मिळालं होतं. मला म्हणाले, "विसर. कम्युनिटी कॉलेज कर दोन वर्षं. मग बघू."

मी चाचरत म्हटलं, "काका, स्कोअर सारखाच आहे."

"नुसता स्कोअर नसतो बेटा. घर बघतात, बॅकग्राउंड बघतात."

निखिल टीव्हीकडे बघत होता. काकूंनी जेवायला चला म्हटलं. आम्ही जेवलो नाही. बाबा कागद परत फाईलमध्ये लावत बसले, एकेक, नीट.

दाराशी काका मायेने बोलले. "अप्लाय करायचंच असेल तर अर्जाच्या निबंधात तुमच्या जातीचं लिही. गोऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. तुम्हा लोकांचं बरं आहे यार. तिकडे कोटा, इकडे स्टोरी."

बाबा म्हणाले, "थँक्यू साहेब."

गाडीचा एसी बंद होता. काचा खाली करून बाबा ड्राइव्ह करत होते. दमट, गरम वारा तोंडावर येत होता. चांगली माणसं आहेत, म्हणाले. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ते हसले का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

शाळेतल्या काउन्सेलरबाई गोड बोलायच्या. त्याही म्हणाल्या, एवढ्या लांबची उडी कशाला, जवळचं काही बघ. ते घरी सांगितलं नाही. मैत्रिणींना सांगायचं, तर आधी जात म्हणजे काय ते सांगायला लागलं असतं. सगळ्यात खाली कोण, तिथे बोट ठेवून 'ही मी' म्हणायला लागलं असतं. ते जमलं नाही. डबा घेऊन मी लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर बसायची.

निबंध काकांनी सांगितला तसा लिहून पाहिला. वाचला. प्रत्येक वाक्य हात पसरून उभं. फाडला. मग जातीचं काहीच नाही लिहायचं असं ठरवलं, आणि कागद कोरा राहिला. लिहावं तर त्यांची टीप. न लिहावं तर त्यांनी दिलेली लाज. माझं स्वतःचं जे होतं, त्यालाही त्यांनी हात लावून ठेवला होता.

शेवटी मी गालिचा लिहिला. गुडघ्यावर बसलेला माणूस लिहिला. त्याने "हो साहेब, आणलाय" म्हटलं, ते तसंच लिहिलं. कुणाला रडवायला नाही. जे झालं ते झालं म्हणून.

काकांचा फोन आला. निबंध फॅक्स कर, मी बघून देतो.

मी म्हटलं,

"नाही काका. तुम्हाला नाही दाखवणार."

"अगं, मदत करतोय मी."

"माहीत आहे. नकोय."

मी फोन ठेवला. निबंध अर्जाला जोडून पाकीट बंद केलं. जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाला नाही म्हटलं होतं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीचं पातळ पाकीट आलं; ॲडमिशन मिळालेल्यांना जाड येतं. मला नाही मिळाली. निखिलला तिथेच मिळाली. काकूंनी पेढे वाटले. काका आत्याला म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

म्हटलं होतं. पण चान्सेस सांगताना त्यांनी माझा स्कोअर बघितला नव्हता. आडनाव बघितलं होतं. हे पातळ पाकिटाने बदलत नाही. जाड पाकीट आलं असतं तरी बदललं नसतं.

आता मी आमच्या राज्याच्या युनिव्हर्सिटीत आहे. रूममेट शुक्रवारी घरी जाते. शनिवार-रविवार खोलीत मी एकटी, फार तर खिडकीतल्या एसीचा आवाज. मागच्या महिन्यात बाबांना फोन करून म्हटलं, तुमचा दाखला पाठवा. त्यांनी विचारलं, "तिथे लागतो?"

"लागतो," मी म्हटलं.

रजिस्टर्ड पोस्टाने आला. बरोबर तीन झेरॉक्स.

कॅम्पसवर भारतीय मुलांची संघटना आहे. तिथे हात पुढे करतात, नाव विचारतात, मग थांबून आडनाव विचारतात. दोन वेळा मी नुसतं नाव सांगून सटकले. आता नाही. आडनाव पूर्ण सांगणार. कुणी हसत विचारलंच, दाखला आणलाय का, तर बाबा म्हणाले तेच म्हणणार. हो. आणलाय. फक्त गुडघे टेकणार नाही, आणि समोरच्याचं हसू पूर्ण थांबेपर्यंत तिथून हलणार नाही.