परवानगी मागितली आणि छप्पर गेलं

आमच्या वाडीत छपराच्या कामासाठी आधी परवानगी मागणारा मी पहिला माणूस, आणि मुलीच्या साखरपुड्याला घरावर छप्पर नसलेलाही मी पहिलाच.

दोष माझाच. दाजीचा नाही, ग्रामपंचायतीतल्या मॅडमचा नाही. दाजी म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. घरं वेगळी, जमीन सामायिक, मध्ये हातभर बोळ. त्याने पडवी उंच केल्यापासून त्याच्या छपराचं पाणी थेट आमच्या पडवीवर पडायचं. साखरपुडा दहा दिवसांवर आला, तेव्हा आम्हीही पडवी दीड हात चढवायची ठरवली.

"ग्रामपंचायतीत विचारून येतो," मी म्हणालो.

"कित्याक?" नंदा, माझी बायको. "वाडीत कोणी विचारला हा?"

"नियम आहे गो!"

"मगे 'दुरुस्ती' इतक्याच सांगा. फुडे एक शब्द बोलू नकात!"

मी कबूल केलं. (लग्नापासून मी फार गोष्टी कबूल केल्या आहेत.)

ग्रामसेविका मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "कौलं बदलताय ना? उंची तीच ठेवणार असाल तर साधा अर्ज पुरे."

इथे उठायला हवं होतं. मी उठलोही! पण दारापर्यंत पोचेतो मन खाऊ लागलं. मी परत आलो.

"मॅडम, उंची दीड हात वाढणार आहे."

"मग परवानगी लागेल. नकाशा, उतारा, सहहिस्सेदाराची संमती. पण वाढवताय कशाला?"

"चुलतभावाच्या छपराचं पाणी येतं."

"त्यांनी घेतली होती परवानगी?"

'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द आहेत. मी शाळेत मराठी शिकवतो, मला ते येतात! पण तोंडातून निघालं, "नाही." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी मापही सांगितलं. त्यांना कागदावर आकृती काढता येईना, तर मीच काढून दिली!

घरी आलो तर पडवीतून आकाश दिसत होतं. 'दुरुस्ती'च्या भरवशावर नंदाने सुतार-गवंडी बोलावून कौलं उतरवली होती. एका बाजूला चिऱ्यांचे दोन थर चढलेही होते.

"बघा कसा फटाफट काम झाला!" ती खुशीत म्हणाली.

परवानगीआधी काम! मी अंगणात गेलो आणि मॅडमना स्वतःहून फोन करून कळवलं.

"काम आहे तिथेच थांबवा," त्या म्हणाल्या. पुढे जरा मऊ आवाजात, "सर, घरात दुसरं कोणी मोठं माणूस नाही का?"

सुतार-गवंडी हत्यारं उचलून गेले. नंदा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि काम तर थांबलेलं होतं!

तिसऱ्या दिवशी संमतीचा कागद घेऊन मी दाजीकडे गेलो. तो हातात नोटीस धरून बसला होता.

"माझ्या पडवीचा माप तू दिलंस?"

"खोटा कसा बोलाचा, दाजी?"

"गप रवाचा होता! गप रवाक परवानगी लागता काय?"

"ह्या कागदावर तुझी सही..."

"सही? तुका?" त्याने नोटीस माझ्या नाकासमोर फडफडवली. "आकृती पण काढून दिलंस मा? मगे माझी सही पण तूच काढ!"

शेवटी नंदा आली. "दाजीनु, तुमका पण अर्ज करूचो लागतलो. जमीन सामायिक. त्यार ह्यांची सही लागतली."

दाजीने नोटीस खाली ठेवून पेन मागितलं. मग माझ्या कागदावर सही केली, त्याच्या कागदावर मी केली.

परवानगी साखरपुड्याआधी काही आली नाही. आदल्या संध्याकाळी दाजी बोळातून ओरडला, "पोरग्याची माणसा काय उन्हात बसवतलंस? माझ्या पडवीत घे साखरपुडो!"

ज्या पडवीचं मी माप दिलं, तिच्यातच माझी स्वाती पाटावर बसली. अंगठ्या झाल्या, पेढे फिरले. शिरोड्याचे व्याही वर बघत म्हणाले, "पडवी बरी उंच केल्यात. परवानगेक त्रास झालो?"

'अजून आलेली नाही,' असं सांगायला मी तोंड उघडलं.

"त्रास कसलो?" दाजी गडबडीने म्हणाला. "आमचे मास्तर होते मा!"

"खरा?" व्याही माझ्याकडे सरकले. "मगे माझा एक काम करा. माका पण माळो चढवूचो आसा. आमच्या ग्रामपंचायतीत माझ्यासोबत येवा, चार शब्द बोला."

"नको!" नंदा, दाजी आणि नवरीमुलगी एकदम ओरडली.

लग्न सुखरूप पार पडलं. व्याह्यांचा माळाही चढला. त्याला परवानगी आहे की नाही हे मला अजून कोणीही सांगितलेलं नाही, आणि शिरोड्याला गेलो की जावई मला अंगणातच, माळ्याकडे पाठ येईल अशी खुर्ची देतात.