नऊ नंबरच्या घरातली माणसं

माझ्या भावाच्या अमेरिकेतल्या वस्तीत सव्वीस घरं आहेत. मी तिथे कधी गेलेले नाही, पण डोळे मिटले तरी ती वस्ती मला दिसते. उत्तरेला तळं, तळ्याला लागून झाडांचा पट्टा, त्यात हरणं येतात. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एकच गल्ली. ती पुढे जाऊन गोल वळसा घेते आणि संपते, दुसरीकडे कुठे निघत नाही. दक्षिणेला गोल्फचं मैदान. दुकान एकही नाही. घरांना कुंपणं नाहीत, एकाचं गवत संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं. हे सगळं मला अण्णांनी काढलेल्या नकाशावरून माहीत आहे. त्या नकाशावर मी बरीच वर्षं जळत आले आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. उल्हासनगरातल्या एका मराठी शाळेत ते भूगोल शिकवायचे. तेव्हा जनगणनेचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडायचं, आणि बाकीचे शिक्षक त्याला कंटाळायचे तेवढे अण्णा खुलायचे. त्यांच्या वाट्याला कॅम्पातल्या, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिलेल्या बराकी यायच्या. सरकारी कागदावर बराक एक, पण आत शिरलं की फळ्या-पत्र्यांच्या भिंती घालून केलेली सात-आठ बिऱ्हाडं, माळ्यावर आणखी एखादं. आधी नजरी नकाशा काढायचा, म्हणजे टेप न लावता, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने. वायव्येच्या कोपऱ्यातून सुरुवात. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, जिथे कुणी राहत नाही त्या जागेला रेघोट्या मारलेला चौकोन. मग दारोदार जाऊन माणसं मोजायची. मी आठवीत होते. रविवारी त्यांच्याबरोबर जायचे आणि घरी आल्यावर नकाशा पक्का करायला बसायचे. माझा हात त्यांच्यासारखा चालतो असं ते म्हणायचे.

मोजणी संपल्यावर शेवटची एक फेरी असायची. मधल्या दिवसांत कुणी गेलं असेल तर ते माणूस वगळायचं, मूल जन्मलं असेल तर वाढवायचं. आमच्या मागच्या बराकीत एक सिंधी काकी राहायच्या. पहिल्या फेरीत त्यांनी आम्हाला पापड आणि पाणी दिलं होतं. शेवटच्या फेरीत नुसतं पाणी दिलं, कारण मधल्या आठवड्यात त्यांच्या सासूबाई गेल्या होत्या. अण्णांनी कागदावर एक सरळ रेघ मारली.

काकी म्हणाल्या, "मास्टरजी, इतनी जल्दी काट दिया?"

अण्णांनी पाण्याचा पेला परत दिला. घरी येताना मी विचारलं, खोडरबराने का नाही पुसलं? ते म्हणाले, "पुसायचं नसतं. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. आणि रेघ मारली की बेरीज बदलायची, ती विसरतात लोक."

पुढे आम्ही बदलापूरला आलो, खरवईच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. आई तिथेच गेली. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, तो शिकून अमेरिकेला गेला आणि काही वर्षांनी त्याने त्या तळ्याकाठच्या वस्तीत घर घेतलं. मी अंबरनाथच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, लग्न केलं नाही, अण्णांजवळ राहिले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तेव्हा तरी ती तक्रार नव्हती.

भावाने पहिल्यांदा फोनवरून घर दाखवलं त्या रविवारी अण्णांनी ड्रॉइंगचा मोठा कागद मागवून घेतला. मला वाटलं, आपल्या संकुलाचा नकाशा काढणार. त्यांनी वर उत्तर दिशेचा बाण काढला आणि त्याखाली तळं. मग दर रविवारी सकाळी, तिकडे शनिवारची संध्याकाळ असायची तेव्हा, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ते बसायचे. भावाच्या घराला तिथला जो चार आकडी नंबर होता तो त्यांनी मानलाच नाही. वायव्येकडून मोजत गेल्यावर त्याचं घर नववं आलं, म्हणून ते नऊ नंबर. गाडी ठेवायच्या खोलीला रेघोट्यांचा चौकोन. पोहण्याच्या तलावाला जनगणनेत खूण नव्हती, तेव्हा त्यांनी विहिरीची वापरली.

"अठरा नंबरला कोण?" अण्णा विचारायचे.

"एक म्हातारे गृहस्थ आहेत. एकटेच."

"खोल्या किती?"

"पाच-सहा असतील, अण्णा."

अण्णा पेन खाली ठेवायचे. "मग जेवतो कुणाबरोबर तो?"

पुढच्या रविवारी भाऊ सांगायचा की अठरा नंबरला त्या गृहस्थांची मुलगी दोन पोरांना घेऊन राहायला आली आहे. अण्णांचा चेहरा उजळायचा. ते एकाचे चार करायचे. दुपारी जेवताना मला म्हणायचे, "आज तळ्यावर हरणं आली होती," जणू गॅलरीतून पाहिल्यासारखं.

माझ्याशी ते काय बोलायचे? नळाला जांभूळच्या केंद्रातलं पाणी आज कमी दाबाने येणार आहे. गॅस लावला का. गुडघ्याचं तेल संपलंय. एकदा मी म्हणाले, "अण्णा, आपल्या समोरच्या दारात कोण राहतं ते तरी विचारून या. तीन वर्षं झाली." ते हसले. "तिथे काय, कधीही जाता येईल." मी भांडी घासायला उठले. त्या दिवशी मला भावाचा राग आला नाही, त्याच्या वस्तीचा आला. एवढी मोकळी जागा असून तिला आणखी माझ्या घरातला माणूस हवा होता.

या वर्षी अण्णा गेले. भाऊ दुसऱ्या दिवशी पोचला, एकटाच, कारण त्याच्या मुलीची शाळा चालू होती. उल्हास नदीवर दहावा झाला. त्यानंतरच्या दुपारी कपाट आवरताना गुंडाळी केलेला नकाशा निघाला. भाऊ मुंडण केलेलं डोकं उशीवर ठेवून कॉटवर पडला होता, डोळे मिटून.

"नकाशा आहे का गं तो?" तो म्हणाला. "मोठ्याने वाच ना, ताई. मी कधी पाहिलाच नाही, नुसता सांगत राहिलो."

मी वाचू लागले. "सात नंबर. माणसं नऊ. तीन भाऊ, त्यांची आजी, मुलं..."

तो हसला. इथे आल्यापासून पहिल्यांदा. "नऊपर्यंत गेली का शेवटी?"

"म्हणजे?"

"सात नंबरला कोण राहतं मला माहीतच नाही. गाडी आत जाते, दार खाली येतं. कधी कधी कुत्रा दिसतो."

"आणि ही आजी?"

"ती मीच आणली. लोकरीचं विणते असंही सांगितलं होतं. अण्णांनी तिची तब्येत विचारली, म्हणून मग तिला एकदा आजारी पाडली, बरी केली." त्याने डोळे उघडले नाहीत. "काय करणार, ताई? एवढ्या घरात दोनच माणसं म्हटलं की गप्प व्हायचे. मला ते गप्प होणं बघवायचं नाही. मग वाढवत गेलो."

मी कागदाकडे पाहत राहिले. म्हणजे ज्या वस्तीवर मी इतकी जळले ती नव्हतीच, निदान तिथली माणसं नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्तच लागलं. त्या दोघांनी मिळून एक गाव वसवलं होतं, रविवार-रविवार, आणि मी आत ओट्याशी उभी राहून ते खरं समजत होते. मला अण्णांनी असं काही विचारलंच नाही की मला त्यांच्यासाठी खोटं बोलावं लागावं.

"नऊ नंबर वाच," तो म्हणाला. "माझं."

"नऊ नंबर. माणसं चार." मी थांबले. तो, त्याची बायको, मुलगी. "चार कशी?"

"मी म्हणायचो, अण्णा, तुमची खोली तयार आहे, तुम्हाला धरून चार लिहा. ते म्हणायचे, माणूस जिथे राहतो तिथेच मोजायचा असतो, उगाच लाडीगोडी नको. लिहिलं नव्हतं त्यांनी."

"लिहिलंय."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, तो कागद मला देशील?"

"बघू. तेरावा होऊ दे," मी म्हणाले आणि गुंडाळी परत कपाटात ठेवली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ उल्हासनगरला गेला. पापड, मिठाई, मुलीसाठी कपडे घ्यायचे होते. मी घरात एकटी होते. मी अण्णांचे सगळे खण काढून पलंगावर उलटे केले. कुठेतरी आमच्या संकुलाचा नकाशा असेल, तिसरा मजला, आमचं दार, माणसं दोन. गॅसचं पुस्तक मिळालं, औषधांच्या चिठ्ठ्या, पाण्याच्या वेळा लिहिलेला पुठ्ठा, आणि एकही शिक्का नसलेला पासपोर्ट. नकाशा नव्हता. आयुष्यभर ज्या माणसाने एक माणूस दोनदा मोजू नये म्हणून दारोदार उलटतपासणी केली, त्याने स्वतःला एकदाच मोजलं होतं, आणि ते तिथे, जिथे तो कधी गेला नाही. मी बारा वर्षं त्याच्या पलंगापासून दहा पावलांवर झोपले होते.

मी भावाच्या गावाचा कागद पसरला. अण्णांचं पेन घेतलं, त्यात शाई होती. नऊ नंबरच्या चारवर मी एक सरळ रेघ मारली. वर तीन लिहिले. खालचं वाचता येत होतं. मग कागदाच्या तळाशी एकूण माणसं एकशे एकोणीस होती, त्यावर रेघ मारून एकशे अठरा केले. शेवटच्या फेरीत माणूस वगळायचाच असतो, हे मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण मी ते त्यासाठी केलं नाही.

भाऊ निघाला त्या सकाळी मी कागद प्लॅस्टिकच्या नळीत घालून त्याच्या हातात दिला. त्याने तो लगेच बाहेर काढला आणि खिडकीशी नेऊन उलगडला. खूप वेळ पाहत होता. मी पोळ्यांचा डबा फडक्यात बांधत होते.

"तू चार वाचलं होतंस ना?"

"हो."

"खोडलंय गं. वर तीन केलेत." त्याचं बोट कागदाच्या तळाशी गेलं. "बेरीजही बदललीय. म्हणजे अण्णांनीच. खालचं स्पष्ट दिसतंय, म्हणून तू चार वाचलंस." त्याने कागद हळूच गुंडाळायला घेतला. "नंतर मन बदललं असेल. शेवटी इथेच मोजलं त्यांनी स्वतःला. बरोबरच आहे म्हणा. तू होतीस इथे."

सांगायची वेळ तीच होती. खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"डबा वरच्याच पिशवीत ठेवलाय," मी म्हणाले. "विसरू नकोस."

आता रविवारी सकाळी तो मला फोन करतो. आधी विचारतो, पाणी आलं का, गॅस लावला का. मग वस्तीचं सांगतो. नकाशा घेऊन तो एकेका घरी जाऊ लागला आहे, संध्याकाळी, मुलीला बरोबर घेऊन. लोकांना आधी विचित्र वाटतं, मग आत बोलावतात. सात नंबरला दोनच माणसं निघाली आणि तो कुत्रा. अठरा नंबरचे गृहस्थ खरोखरच एकटे आहेत. पुसू नकोस हे मीच त्याला सांगितलं, म्हणून तो प्रत्येक आकड्यावर रेघ मारतो आणि वर खरा आकडा लिहितो. वस्ती आठवड्या-आठवड्याला लहान होत चालली आहे. नऊ नंबरचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही.

गेल्या रविवारी त्याने कागद फोनसमोर धरला. "तू सांगत होतीस तसंच करतोय, खाली वाचता यायला हवं. पण अण्णांसारखी सरळ रेघ येत नाही गं माझी. ही बघ त्यांची नऊ नंबरची, कशी एका दमात मारलीय."

मी पाहिली.

"सवयीने येते," मी म्हणाले.