अठ्ठ्याण्णवची इरजीक

एक मशीन आणि त्याच्याभोवती चार-पाच शहाणी माणसं, एवढं जमलं की किस्सा आपसूक तयार होतो. मशीन पुढे भंगारात जातं, माणसं पांगतात, किस्से मात्र फडताळातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठत राहतात. टाकवत नाहीत आणि ठेवायचे कुठे तेही कळत नाही. माझ्याकडे एका सीडीच्या मिळून बऱ्याच बरण्या झाल्यात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. घरातला कॉम्प्युटर ज्या मूळ प्रणालीवर चालायचा, तिला आम्ही सालावरून नुसतं ‘पंच्याण्णव’ म्हणायचो. ती जरा अंगवळणी पडते न पडते तोच ‘अठ्ठ्याण्णव’ आली. कुणी मागितली होती, देव जाणे. पण नवा प्रिंटर घ्या, नवा मोडेम घ्या, दुकानदाराचं उत्तर एकच, आधी अठ्ठ्याण्णव टाकून घ्या. घरी येऊन टाकून देणारा माणूस पुण्याला राहायचा. तो फोनवर ‘येतो’ म्हणायचा आणि तेवढ्यावरच त्याचं येणं संपायचं.

आमच्या ओळखीत कॉम्प्युटरवाली घरं पाच. वाईचे वकीलसाहेब, कोरेगावचे निवृत्त हवालदार सर्जेराव, मिरजेचे तंबोरे करणारे इम्तियाजभाई, सांगलीत ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारी मी आणि मला ज्यांनी टायपिंग शिकवलं त्या सांगलीतल्याच गावभागातल्या बाई. पाचांत मिळून सीडी ड्राइव्ह एकच, इम्तियाजभाईंचा. मी मूळची माणातली, दहिवडीकडची. आमच्याकडे एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की गाव आपापली औतं घेऊन जातं आणि एका दिवसात त्याचं काम उरकून देतं. मजुरी नाही, त्यानं फक्त सगळ्यांना जेवू घालायचं. याला इरजीक म्हणतात. मी म्हटलं, आपण कॉम्प्युटरची इरजीक घालू. दर रविवारी एका घरी जमायचं, कॅबिनेट उघडून इम्तियाजभाईंचा ड्राइव्ह जोडायचा, अठ्ठ्याण्णव टाकायची आणि जेवून परत यायचं.

सगळ्यांनी उचलून धरलं. फक्त बाई म्हणाल्या, “आधी तुमचं होऊ दे. माझा नंबर शेवटी.”

त्यांनी तसं का म्हटलं ते आम्हाला कळत होतं. बाईंची नजर जात चालली होती. आहे तेवढी टिकवा, गेलेली परत यायची नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. पडद्यावरचं अक्षर त्यांना दिसत नसे, रंगाचे डाग तेवढे दिसत. तरी लोकांचे प्रबंध, पत्रिका, अर्ज त्या घरी टाइप करून द्यायच्या. समोरच्यानं वाचायचं, बोटं बाईंची. ते काम म्हणजे त्यांचं घर चालणं होतं आणि त्याहून जास्त त्यांची मान ताठ राहणं होतं.

*

पहिली इरजीक वाईला, वकीलसाहेबांकडे. सगळ्यांत मिळून एक सीडी, हे कायद्यात बसतं का, अशी शंका वकिलांनीच काढली होती आणि ती काढून पहिला नंबरही त्यांनीच लावला होता.

काम झकास चाललं. मध्येच पडद्यानं सीडीच्या वेष्टनावरचा लांबलचक क्रमांक मागितला. वेष्टन वकिलांच्या ताब्यात होतं. त्यांनी शांतपणे एक झेरॉक्स काढून दिली. झेरॉक्स इतकी पुसट की आठ आहे की इंग्रजी बी, शून्य आहे की ओ, कुणालाच सांगता येईना. आम्ही एकेक करून पाहिलं, मशीन काही दाद देईना.

मूळ वेष्टन कुठाय, असं विचारलं तर म्हणाले, “मूळ प्रत कुणी घरात ठेवतं का? बँकेत, लॉकरमध्ये आहे.”

रविवार होता! मशीन बंद करायची सोय नाही, पुढे जायची सोय नाही. वकीलणबाईंनी पडद्यावर टॉवेल टाकला, आम्हाला पोटभर वाढलं आणि आता पुढे काय, असं नवऱ्याला विचारलं.

“सोमवारची तारीख पडली,” वकील म्हणाले.

*

दुसरी कोरेगावला. ड्राइव्ह मांडीवर घेऊन आम्ही मिरजेहून पॅसेंजरनं गेलो. इम्तियाजभाईंनी तो तंबोऱ्यासारखा रजईत गुंडाळून आणला होता.

हवालदारांनी तयारी लष्करी केली होती. आदल्या दिवशी वायरमनला गाठून लाइट जाणार नाही असा शब्द घेतला होता. घरात कुणी बटणाला हात लावायचा नाही, मिक्सर बंद, मोटर बंद. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकींनी, चटणी पाट्यावर वाटली. शिवाय हवालदारांचा फौजेतला एक नियम होता, काम फत्ते झाल्याबिगर घास घ्यायचा नाही. आणि ते जेवत नाहीत तोवर काकीही जेवायच्या नाहीत.

अर्ध्यावर पडदा थिजला. किती मिनिटं उरली ते सांगणारा आकडा हलेचना. मी म्हटलं, अडकलंय, बंद करून परत चालू करू. हवालदारांनी पडद्यावर बोट ठेवलं. सांगितल्याशिवाय मशीन बंद करू नये, असं तिथं इंग्रजीत लिहिलं होतं.

“हुकूम हाय,” ते म्हणाले.

इम्तियाजभाईंनी कॅबिनेटला कान लावला. ज्यांचा कान उभ्या मिरजेत नावाजलेला, त्यांनी डोळे मिटून निर्वाळा दिला की आत काम चालू आहे, स्पष्ट ऐकू येतंय. नंतर कळलं, तो पंखा होता.

दुपार टळून गेली. आम्ही उपाशी, काकी उपाशी, हुकूम कायम. एकाएकी सगळं घर बंद पडलं आणि आतून काकींचा आवाज आला, “लाइट गेली वाटतं. आली बगा.”

मशीन आपोआप सुरू झालं, अडकलं होतं तिथून पुढे निघालं आणि थोड्या वेळात काम पूर्ण झालं. काकींनी लगेच पानं घेतली. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी वायरमनला चौकात धरून फैलावर घेतलं. तो बिचारा अजून शपथेवर सांगतो की त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती.

*

माझ्या घरच्या इरजिकीला दहिवडीहून आई आली होती. जयभीम-नमस्कार झाले, ती भिंतीला टेकून बसली आणि गप्प बसलेल्या चार माणसांकडे पाहत राहिली. थोड्या वेळानं मला म्हणाली, “इरजीक म्हनतीस आन् भलरी न्हाई?”

शेतात सगळे ओळीनं कामाला लागले की एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं ते गाणं म्हणजे भलरी. मी म्हटलं, आई, इथं हातानं काम नाही, नुसतं बसायचंय. ती म्हणाली, मग तर तोंड मोकळंच आहे की. आणि तिनं सुरू केली. हवालदार झेलू लागले, इम्तियाजभाईंनी टेबलावर ठेका धरला. वकील आधी लाजले आणि मग सगळ्यांत मोठ्यानं गायले.

खरं सांगते, काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी अडून बसली होती, ती सरकली. मी गणिताची बाई आहे, मला कार्यकारणभाव कळतो. पण त्यानंतर हवालदारांनी भलरीशिवाय कॅबिनेटचा स्क्रू सैल करू दिला नाही.

*

चौथी मिरजेला. सगळं एका दमात झालं आणि आमची छाती फुगली. मशीन सुरू झालं, अठ्ठ्याण्णवची सुरुवातीची नवी धून वाजली आणि दाराशी बसून भोपळा घासणाऱ्या इम्तियाजभाईंच्या म्हाताऱ्या अब्बांनी हात थांबवला.

तंबोऱ्याचा सूर जिच्यामुळे गुंजतो ती जवारी लावण्यात अब्बांचं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, “पैला बरा हुता. ह्याची जवारी उतरलीया. काढून टाका.”

त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण त्या घरात सुराच्या बाबतीत अब्बांपुढे कुणाचं काय चालणार? जुनी धून परत आणायची ठरली. पण ती मिळायची कुठे? आमच्यापैकी एकाच घरात आता पंच्याण्णव उरली होती. मी फ्लॉपी घेऊन बाईंकडे गेले.

धून उतरवून घेत असताना बाईंनी सगळं विचारून घेतलं. मी हसत हसत अब्बांचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

“म्हणजे आवाजसुद्धा बदलतो,” त्या म्हणाल्या. “आणि बाकीच्या जागा?”

मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं, पडद्याच्या उजवीकडे एक नवी पट्टी येते, खाली बारकी चित्रं येतात, मेनूत मध्ये नव्या ओळी घुसतात. बाई माउस वापरत नसत. मेनू उघडायचा आणि खालच्या टोकापासून वर, बाणाचं बटण ठरलेल्या वेळा दाबत जायचं, असा त्यांचा रस्ता होता. मध्ये एक जरी नवी ओळ आली तरी त्यांचं बोट भलत्याच दारावर जाणार होतं.

“हे घर मी उजेड होता तेव्हा पाठ केलं, ज्योती,” त्या म्हणाल्या. “आता नवीन पाठ होणार नाही. ज्या दिवशी मला हाक मारून विचारावं लागेल, की बाई गं, हे कुठं गेलं, त्या दिवशी मी यावर कापड घालीन.”

मी फ्लॉपी घेऊन बाहेर पडले आणि आयर्विन पुलापर्यंत उगीच चालत गेले. मला त्या अठ्ठ्याण्णवचा असा राग आला होता, की ती माणूस असती तर मी तिच्याशी भांडले असते.

*

बाईंचा नंबर पुढे ढकलता येईल तेवढा ढकलला. मग त्यांचा प्रिंटर गेला. दुरुस्त होईना, आणि नवा आणला तो पंच्याण्णवला ओळखच दाखवेना. एका मुलीचा प्रबंध अर्धा टाइप होऊन पडला होता. ती रोज येऊन वाचून जात होती आणि कागद काही बाहेर येत नव्हता. बाईंनी आम्हाला निरोप धाडला, रविवारी जेवायला या.

त्याआधी आम्ही चौघं माझ्या घरी बसलो. एवढंच ठरलं, की यावेळी अठ्ठ्याण्णव टाकायची आणि मग ती आलीच नाही असं करून ठेवायचं.

त्या रविवारी सकाळीच गेलो. बाईंनी कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी केली होती, अंदाजानं, हातानं. सुरू करायच्या आधी मी त्यांच्या पडद्याचं चित्र कागदावर काढून घेतलं, कुठला रंग कुठं, कुठलं चित्र किती मोठं. हवालदारांनी मेनूतल्या ओळी वरून खाली आणि खालून वर पाठ केल्या. मग भलरी झाली, हळू आवाजात, आणि अठ्ठ्याण्णव आली ती सगळं बिऱ्हाड घेऊन.

मग आम्ही एकेक काढायला बसलो. उजवीकडची पट्टी घालवली. खालची बारकी चित्रं घालवली. दर वेळी स्वागताला उभा राहणारा चौकोन घालवला. मागचा हिरवट निळा रंग परत आणला, तो जरा गडद झाला म्हणून वकील खिडकीशी जाऊन डोळे बारीक करून पाहत होते आणि थोडा फिका करा म्हणत होते. इम्तियाजभाईंनी जुनी धून लावली, आवाजही आधी होता तेवढाच ठेवला. मेनूत घुसलेली एक ओळ मात्र काही केल्या जाईना.

दुपारी बाईंनी पानं वाढली. हवालदारांनी आपलं ताट घेतलं, आतल्या खोलीत मशीनपाशी नेलं, स्टुलावर ठेवलं, वर दुसरं ताट झाकलं आणि परत मेनूला भिडले. “भाजी कशी झालीय?” असं बाईंनी बाहेरून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, लय झ्याक. एका मासिकात छापून आलेली युक्ती मी वाचून दाखवत होते आणि ते एकेका बोटानं टाइप करत होते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. उन्हं कलली तेव्हा ती ओळ एकदाची गेली.

बाईंना बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवले, मग बटणांवर ठेवले. मेनू उघडला. बाणाच्या बटणावर ठरलेल्या वेळा बोट पडू लागलं. बाईंची बोटं थांबली नाहीत, अडखळली नाहीत. त्या मुलीचा प्रबंध उघडला, पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं ते त्यांनी टाइप केलं, आणि नव्या प्रिंटरमधून कागद बाहेर आला. बाईंनी त्याच्या कडा चाचपल्या आणि तो बाजूला ठेवला.

मग त्या आमच्याकडे वळल्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही.

“अगं, सगळं होतं तिथंच आहे की. मग तुम्ही इतकी माणसं सकाळपासून करत काय होतात?”

वकील काहीतरी बोलणार होते. त्यांच्याआधी हवालदार उठून ताठ उभे राहिले. त्यांच्यामागे स्टुलावर ताट झाकलेलं तसंच होतं.

“जेवत हुतो, बाई.”