न तपासलेलं रक्त

दिव्या कुमरेच्या रागाला ऑफिसात सगळेच टरकून असत. चंद्रपुरातल्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत ती टेस्टर. काम सांगायला सोपं, करायला डोकं उठवणारं. आकडा असो, तारीख असो की नुसतं हो-नाही, डेटाबेसात आत घालायचं आणि जसंच्या तसं बाहेर येतं का ते बघायचं. एकदा साध्या अक्षरांत, एकदा बायनरीत, म्हणजे यंत्राच्या आपल्या बोलीत. गावकऱ्यांच्या मोबाइलवरचं ॲप बायनरीतच बोलणार होतं, कारण जंगलात रेंज मरतुकडी आणि बायनरीचं ओझं हलकं.

या खेपेला माहिती होती सिकलसेल या पिढीजात रक्तरोगाची, गावोगावच्या रक्ततपासणीची. रोग आहे, रोग नाही, आणि तिसरं कोरं, म्हणजे तपासलंच नाही. ही कोरी माणसं काही थोडीथोडकी नव्हती. कुण्या शहाण्यानं एटापल्लीकडची शिबिरं ऐन तेंदूच्या हंगामात लावली. माणसं बिडीची पानं तोडायला जंगलात, गावं रिकामी. सुया घेऊन आलेले गावातली कुत्री बघून परत गेले.

दिव्यानं कोरं आत घातलं. अक्षरांत कोरंच परत आलं. बायनरीत आलं 'रोग नाही'. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. ज्याच्या बोटाला सुई लागली नाही तो ठणठणीत होऊन बाहेर पडत होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"हेमराजभाऊ, हे असं जाऊ द्याचं नाई," साहेबाच्या टेबलाशी जाऊन ती म्हणाली.

हेमराजनं मोबाइलवरून मान उचलली नाही. "अक्षरांत पास आहे न? मंग झालं. ॲप तं मागच्याच महिन्यात चालू केलं."

"मले न विचारता?"

"तुले विचारत बसलो असतो तं दिवाळी आली असती."

ती काही बोलणार तोच गावाहून मायचा फोन आला. सोनीबाईचा आवाज आनंदानं भरून आला होता. "दिव्या, आपल्या लालसूचं लगन जमलं. पोरीवाल्यायनं आधी कुळाचे देव जुळवून पाह्यले, मंग रक्त इचारलं. पोरीच्या रक्तात अर्धा दोष हाये, पन लालसूचं मोबाइलवर साफ निंगालं. आता भेव नाई."

लालसू दिव्याचा पाठचा भाऊ. शिबिराच्या दिवशी तो तेंदूवर होता. नवराबायको दोघांच्याही रक्तात असा अर्धा दोष असला तर पोरांच्या नशिबी काय येतं, हे तिनं पाहिलं होतं. चुलत बहीण हाडं दुखतात म्हणून ओरडत तिच्याच मांडीवर गेली होती. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फोनचा स्पीकर लावला आणि तो हेमराजपुढे ठेवला.

"माय, हे आमचे साहेब. यायनंच ते चालू केलं. सांगा भाऊ तिले, लालसूचं रक्त कोनं तपासलं."

हेमराजचं तोंड उतरलं. "बाई, थोडी मिस्टेक झाली. त्याचं रक्त तपासलंच नाई अजून."

"मंग रोग नाई म्हनून काऊन लिवलं?"

हेमराजनं आपला मोबाइल टेबलावर पालथा घातला.

"लालसूचं थांबवू आमी," सोनीबाई म्हणाली. "पन शेजारच्या बुधूच्या पोरीचं का? तिच्या बी रक्तात तसाच अर्धा दोष हाये. तिचं लगन तं याच मोबाइलवर पाहून झालं. तिचा नवरा बी तवा आमच्यासंगंच पानं तोडून राह्यला होता."

हेमराजनं फोन बंद करायला हात पुढे केला. दिव्यानं तो हात टेबलावर दाबून धरला.

"उत्तर द्या भाऊ," ती म्हणाली. "माय थांबली आहे."